ऐकणारीचा वसा



यंदाच्या कोजागिरीला आपल्या चार तालुक्यांतल्या गटांनी मिळून रात्रभर गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम केला. भाषणं नाहीत, ठराव नाहीत, प्रमुख पाहुण्या नाहीत. बाईने उठायचं, आपल्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची आणि बाकीच्यांनी ती ऐकायची, एवढंच. तारीख मुद्दाम दिवाळीच्या आतली धरली होती. दिवाळी झाली की आपल्या भागातल्या पुष्कळ बायका ऊसतोडीला जातात, त्या मग थेट उन्हाळ्यात भेटतात. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या, मुलं वर्गात झोपवली होती आणि दूध आटवायचं काम पुरुष कार्यकर्त्यांकडे दिलं होतं. दूध बुडाला लागलं, पण प्यालं सगळ्यांनी.

पहिला पाऊण तास कुणी उठलंच नाही. "माझी काय गोष्ट असणार, बाई?" हेच जिच्या-तिच्या तोंडी. जिने नवऱ्यामागे तीन मुली वाढवल्या तीही हेच म्हणते आणि जिने गावातली दारूची भट्टी बंद पाडली तीही हेच म्हणते. गोष्ट राजाची असते, संताची असते, फार तर गावच्या पाटलाची असते. बाईचं असतं ते गाऱ्हाणं, रडगाणं, नाहीतर चुगली. आपल्या भाषेने बाईच्या बोलण्याला ही तीन नावं केव्हाच देऊन ठेवली आहेत, आणि ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की आपण आपलं तोंड उघडण्याआधीच त्यांतलं एक नाव स्वतःला लावून घेतो.

शेवटी सत्तरीच्या एक आजी उठल्या. 'जय संतोषी माँ' (1975) हा सिनेमा त्यांच्या भागातल्या जत्रेत तंबूत लागला होता, तेव्हा त्या नव्या सुनबाई होत्या. देवीच्या दर्शनाला जाते असं सासूला सांगून त्या गेल्या. "खोटं कुठं बोलले? देवी बघूनच आले की!" पण देवीचा सिनेमा म्हणून सगळ्या बायकांबरोबर त्यांनीही वहाणा तंबूबाहेर काढल्या आणि त्या नेमक्या चोरीला गेल्या. अनवाणी परत आल्यामुळे बिंग फुटलं. "मार बसला. पण बघितलेला पिक्चर काही त्याला माझ्या डोळ्यातून काढून घेता आला न्हाई." पटांगण हसून हसून लोळलं, आणि मग गोष्टींना खळ राहिला नाही. कुणी पहिल्यांदा सायकल चालवल्याची गोष्ट सांगितली, कुणी सासऱ्याला सही करायला शिकवल्याची, कुणी ग्रामसभेत खुर्चीवर बसल्यावर पुढच्या रांगेतले पुरुष उठून गेल्याची.

हे आधी लिहिलं, कारण बाईची गोष्ट म्हणजे दुःखाचीच, असा आपल्या चळवळीतही एक समज झाला आहे. आपल्याला बाई रडली की कार्यक्रम यशस्वी झाल्यासारखं वाटतं. त्या रात्री बायका जितक्या रडल्या त्याहून जास्त हसल्या, आणि या हसण्यानेच पुढचं सांगायला जागा झाली.

मध्यरात्रीच्या सुमारास ऊसतोड करणारी एकजण उठली. लग्न झालं त्याच वर्षी ती कोयत्यावर गेली. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात, अंगावर जात असलं तरी फडात उभं राहायचंच, कारण खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. दुखणं वाढलं तेव्हा खाजगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. तेव्हा तिचं वय सव्वीस. ऑपरेशनला पैसे पुढच्या हंगामाच्या उचलीतून आले, म्हणजे पिशवी गेली आणि कर्ज वाढलं. एवढं सांगून ती खाली बसली. तिच्या शेजारची म्हणाली, "माझीबी." मागून तिसरी म्हणाली. एका ओळीत बसलेल्या सात जणींपैकी चौघींची पिशवी काढलेली निघाली, आणि प्रत्येकीला डॉक्टरने जवळजवळ त्याच शब्दांत भीती घातली होती. या चौघी एकाच वस्तीच्या, एकाच ट्रकमधून कारखान्यावर जाणाऱ्या. पण प्रत्येकीची समजूत अशी, की आपलंच शरीर नासकं.

2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारला समिती नेमावी लागली, आणि आधीच्या दहा वर्षांत 13,000 हून अधिक बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं त्या पाहणीत पुढे आलं. हा आकडा कागदावर येण्याआधी कुठे होता? तो अशाच बायकांच्या पोटात होता, एकेकीच्या पोटात, सुटा सुटा. सुटा असतो तोवर तो आजार असतो, नशीब असतं. दोघी-चौघींनी एकमेकींसमोर सांगितला की त्याच्यातून मुकादम दिसायला लागतो, खाजगी दवाखाना दिसायला लागतो, फडात नसलेलं पाणी आणि नसलेला आडोसा दिसायला लागतो. जे व्यक्तिगत ते राजकीय, असं आपण शिबिरांत फळ्यावर लिहितो. त्या रात्री हे फळ्यावर लिहावं लागलं नाही.

बाईने बाईला सांगणं ही गोष्ट चळवळीने शोधून काढलेली नाही. आपल्याकडे जातं होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचा हात, आणि पीठ पडायचं तशी ओवी पडायची. 1980 च्या दशकात हेमा राइरकर आणि गी पॉइटवां यांनी गरीब डोंगरी संघटनेतल्या कार्यकर्त्या बायकांच्या सोबतीने पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांतून अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरच्या गावागावांतून लाखावर ओव्या जमल्या आणि आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात लोकांसाठी खुल्या आहेत. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. एरवी आपल्याकडे लोकगीत हे 'लोकां'चं असतं. म्हणजे ते ज्या बाईचं, तिचं सोडून सगळ्यांचं.

पण जात्यावरच्या ओवीला एक आडोसा होता, तो आपण विसरतो. घरघरीत आवाज अर्धा बुडायचा. ओवी जात्याला उद्देशून, विठ्ठलाला उद्देशून, माहेरच्या भावाला उद्देशून असायची. सासूबद्दल काय म्हणायचं ते सासू पलीकडच्या खोलीत असताना म्हणता यायचं, कारण विचारलं तर "ओवीच हाय ती, जुनी" म्हणून सुटता यायचं. पिठाची गिरणी आली, बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, ते बरंच झालं. त्या कष्टांचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. पण बोलायची ती जागा गेली आणि तो आडोसाही गेला. आज बाई सव्वाशे जणींसमोर उभी राहून 'मी' म्हणून सांगते, तेव्हा तिच्यापुढे घरघर नसते, विठ्ठल नसतो. तिच्यापुढे आपण असतो. म्हणजे तो आडोसा आता आपण व्हायला हवं. झालो का?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारत नाही. त्या रात्री तीनच्या पुढे जे घडलं त्यामुळे हे संपादकीय लिहिणं भाग पडलं.

आपल्या जुन्या गटातली एक बाई उठली. पुष्कळ वर्षं ती बैठकांना येत नव्हती. आमच्या वहीत तिच्या नावापुढे 'संपर्क तुटला' असं लिहिलेलं होतं. ती म्हणाली, "माझी गोष्ट तुम्ही आधी वाचली आसंल. पुस्तकात आली व्हती." मग तिने सांगितलं. नवरा वारल्यावर दिराने निराधार योजनेच्या पगारासाठी म्हणून तिचा अंगठा घेतला. कागद निघाला हक्कसोडपत्राचा. हे तिला कळलं ते जावेकडून. जाऊ सातवी शिकलेली, तिने कागद वाचला होता. गिरणीत दळणाच्या डब्याआड तिने हिला सांगितलं आणि म्हणाली, माझं नाव घेऊ नको. पुढे ती तलाठ्याकडे गेली, तहसीलला हेलपाटे घातले, फेरफाराला हरकत घेतली. दोन मुलींसह तिचं नाव सातबाऱ्यावर आलं.

ही हकिकत तिने आमच्या एका बैठकीत विश्वासाने सांगितली होती. आम्ही तिची यशोगाथा केली. देणगी देणाऱ्या संस्थेला पाठवायच्या पुस्तिकेत ती छापली. नाव घातलं नाही, याचा आम्हाला अभिमान होता. पण गाव होतं, दोन मुली होत्या, आणि एक वाक्य होतं, 'घरातल्याच एका स्त्रीने तिला सावध केले'. भगिनीभाव दाखवायला ते वाक्य फार चांगलं वाटलं होतं. पुस्तिकेच्या प्रती पंचायत समितीत वाटल्या गेल्या, तिथून एक गावात पोचली, आणि कुणीतरी ती पारावर मोठ्याने वाचून दाखवली. "नाव न्हवतं म्हणता. आमच्या गावात दोन पोरींची विधवा, शेतात घर बांधून ऱ्हाणारी, किती हायेत? आन् आमच्या घरात बाया किती? मी आन् जाऊ." दिराला वाचता येत नव्हतं, पण हे कळायला वाचता यावं लागत नाही. जावेला त्या रात्री मार बसला आणि चार महिने माहेरी काढावे लागले. "माझी गोष्ट माझ्या आधी गावात पोचली," असं ती म्हणाली.

मग तिने तीच गोष्ट नव्याने सांगितली. पुस्तिकेत आमची संघटना चार परिच्छेद होती. तिच्या सांगण्यात आमच्या वाट्याला एक वाक्य आलं: "मग ताया आल्या, चहा प्याल्या, फोटो काढला, गेल्या." बायका हसल्या, आम्हीही हसलो, पण मान वर करवत नव्हती. उरलेली सगळी गोष्ट तिची आणि जावेची होती. आणि जाऊ शेजारीच बसलेली होती. सांगायला उठण्याआधी हिने तिच्याकडे वळून विचारलं होतं, "सांगू?" ती म्हणाली होती, "सांग." त्या एका शब्दात जे होतं, ते आमच्या पुस्तिकेच्या बत्तीस पानांत नव्हतं.

ती पुस्तिका मी लिहिली होती. अनुदानाची मुदत जवळ आली होती, तीन 'केस' कमी पडत होत्या. हे कारण आहे, सबब नाही. पहाटे एका बाईने आम्हा कार्यकर्त्यांना सुनावलं, "तुम्ही समद्यांचं ऐकता, तुमचं कधी सांगत न्हाई." खरं होतं ते. एवढ्या रात्रीत शिकलेल्या, शहरातून आलेल्या, बहुतेक वरच्या जातींतल्या आम्ही पाच-सहा जणी वही घेऊन कडेला बसलो होतो. सांगणारी एका बाजूला आणि ऐकणारी दुसऱ्या बाजूला अशी कायमची वाटणी झाली की गोष्टींची रात्र राहत नाही, तिचा दवाखाना होतो किंवा कचेरी. तेव्हा मी उठले आणि ती पुस्तिका कशी लिहिली ते सांगितलं. कुणी धीर दिला नाही, कुणी दोषही दिला नाही. जाऊ एवढंच म्हणाली, "आता पुढं काय करणार ते सांगा."

पुढचा मजकूर त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहीत आहोत.

आपल्याच चळवळीच्या इतिहासात हा प्रश्न सुरुवातीपासून आहे. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. तिने सांगितलं, आणि न्यायालयाने ऐकलं ते असं, की अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचं पटत नाही, म्हणजे तिची संमती होती. सर्वोच्च न्यायालयातून पोलीस सुटले. 1979 साली चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, बलात्कारविरोधी मंच उभे राहिले, आणि 1983 साली कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने बलात्कार झालेल्या बाईचं नाव किंवा ओळख तिच्या परवानगीवाचून छापणं हा गुन्हा ठरला. आज भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद आहे. पण ज्या मुलीमुळे हा कायदा झाला तिचं नाव मात्र खटल्याचं नाव होऊन बसलं. आपण ते फलकांवर लिहिलं, शिबिरांत शिकवलं. तिच्या सांगण्यातून देशातल्या सगळ्या बायकांना जे मिळालं, नेमकं तेच तिला मिळालं नाही. म्हणून इथे आम्ही ते नाव लिहीत नाही.

दुसरं उदाहरण बेबीताई कांबळे यांचं. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून वह्या लपवून त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं. ते 'स्त्री' मासिकातून आणि मग 1986 साली पुस्तकरूपाने आलं. त्यात महारवाड्याचं सगळं जिणं आहे, पण नवऱ्याच्या हातचा स्वतःला बसलेला मार जवळपास नाही. पुढे इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने माया पंडित यांच्याशी बोलताना त्यांनी तो सांगितला, आणि आधी का लिहिला नाही तेही सांगितलं: समाजाच्या दुःखापुढे स्वतःचं बाजूला ठेवलं होतं. काय लिहायचं, काय सांगायचं, कुणाला आणि कधी, हे त्यांनी ठरवलं. कुणी त्यांच्याकडून काढून घेतलं नाही. याच काळात उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून त्यांचे अनुभव 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) या पुस्तकात आणले. शीर्षकातला 'आम्ही' बघा. सांगणाऱ्याही त्यात आहेत.

त्याच सुमारास, 1988 साली, संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. टाकलेली, सोडलेली, नांदवत नाही म्हणून माहेरी बसलेली, अशी नावं लावून घेतलेल्या बायका तिथे आपली हकिकत सांगायला उभ्या राहिल्या. त्यांच्या सांगण्याला नंतर मागण्यांचं रूप आलं, पोटगी, रेशनकार्ड, घरावरचा हक्क. हे आठवण करून द्यायचं कारण असं, की आज काही कार्यकर्त्या विचारतात, गोष्टी सांगून काय होणार, मोर्चा कोण काढणार? आम्ही त्यांना एवढंच विचारतो, की मोर्चातल्या घोषणा कुठून आल्या? आणि दुसऱ्या बाजूने जे म्हणतात की सांगितलं म्हणजे मन मोकळं झालं, झालं काम, त्यांनाही सांगतो, की मन मोकळं झालं तरी उचल तशीच आहे, सातबारा तसाच आहे. गोष्ट सांगणं लढ्याच्या ऐवजी नाही. पण लढा कशासाठी, हे दुसऱ्या कशातून इतकं नेमकं कळत नाही.

लहानपणी श्रावणात आपण सगळ्यांनी कहाण्या ऐकल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ कहाण्या बाईने सोसावं आणि देवाने द्यावं याच्याच आहेत, ते आता पुन्हा सांगायला नको. पण आदित्यराणूबाईच्या कहाणीत एक जागा आहे. बाईला कहाणी सांगायची असते आणि ऐकायला कुणी मिळत नाही. ती वाटेवरच्या मोळीविक्याला थांबवते, माळ्याला थांबवते, ऐक म्हणते. ज्याने ऐकलं त्याचं भलं होतं. म्हणजे नुसतं सांगून वसा पुरा होत नाही, ऐकणारं लागतं, आणि ऐकणाऱ्यावरही त्या वशाचा अर्धा भार असतो. सांगणारीने उतू नये, मातू नये हे आपल्याला पाठ आहे. ऐकणारीने काय करू नये, हे आता ठरवू.

कोजागिरीनंतरच्या बैठकीत यावर पुष्कळ वाद झाला. तरुण मुलींचं म्हणणं, मोबाईलवर चित्रण करून गोष्टी लोकांपर्यंत नेल्या पाहिजेत, नाहीतर आपण आपल्यातच बोलत राहू. त्यांचं खोटं नाही. पुस्तिकेची प्रत गावात पोचायला महिना लागला होता, चित्रफीत तासाभरात पोचते. चांगली गोष्ट पोचते आणि घातही पोचतो. कुणी सुचवलं, प्रत्येकीकडून संमतीपत्र घ्यावं. तेव्हा एका बाईने आठवण करून दिली, की हिची जमीन कागदावरच्या अंगठ्यानेच गेली होती, आता गोष्टीसाठीही अंगठा मागता का? त्यावर उत्तर नव्हतं. कागदावरचा अंगठा आपल्याला सोडवतो, तिला नाही.

शेवटी जे ठरलं ते असं:

1. गोष्ट सांगणारीची. तिने ती या पटांगणासाठी सांगितली असेल तर ती पटांगणातच राहील. बाहेर न्यायची तर विचारावं लागेल, आणि कुठे, कुणापुढे, कशासाठी हे सांगून विचारावं लागेल.

2. विचारायचं दोनदा. एकदा सांगितल्यावर, आणि पुन्हा महिन्याभराने, लिहिलेलं तिला मोठ्याने वाचून दाखवून. मधल्या काळात ती नाही म्हणाली तर नाही. छापल्यावर नाही म्हणाली तर पुढच्या वेळी नाही.

3. तिच्या गोष्टीत दुसरी बाई असेल, तर त्या बाईलाही विचारायचं. जाऊ असो, मुलगी असो, सवत असो.

4. नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली असं नाही. गावच्या माणसाने वाचलं तर काय कळेल, हे गावच्याच बाईकडून तपासून घ्यायचं. आणि जिला नाव हवं असेल तिचं नाव पूर्ण घालायचं. तिला 'एक महिला' करायचं नाही.

5. "मग तू तेव्हाच का नाही निघालीस?" हा प्रश्न विचारायचा नाही. तो न्यायालयाने पुष्कळ विचारला आहे.

6. जी ऐकायला बसते तिने कधीतरी सांगायलाही उठायचं. वही घेऊन कडेला बसणाऱ्यांना हे आधी लागू.

याने सगळं सुटलं असं नाही. अहवाल लिहायचेच आहेत, अनुदानाच्या मुदती येतच राहतील, आणि 'केस' मागणारे 'केस'च मागणार. आपल्यातल्या काही जणींना वाटतं, की इतके निर्बंध घातले तर ऊसतोडीच्या प्रश्नासारखे प्रश्न बाहेर येणारच नाहीत. आमचा अनुभव उलटा आहे. पिशवीबद्दल बोललेल्या चौघींना आम्ही महिन्याच्या आत, फडावर जाण्याआधी, जाऊन विचारलं. तिघी हो म्हणाल्या. त्यांतल्या दोघींनी आपलं नाव घाला म्हणून सांगितलं, आणि एकीने दवाखान्याचे कागदही आणून दिले. ते आता वकील मैत्रिणींकडे आहेत. चौथी नको म्हणाली, तिच्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणार नाही. आपलं ऐकलं जातं आणि आपल्याला विचारलं जातं, हे कळलं की बाई कमी सांगत नाही, जास्त सांगते.

कोजागिरीच्या रात्रीच्या सगळ्या गोष्टी या अंकात वाचायला मिळतील अशी तुमची अपेक्षा असेल. मिळणार नाहीत. दोनच आहेत. सिनेमाची गोष्ट सांगणाऱ्या आजींनी त्यांची गोष्ट छापायला आनंदाने परवानगी दिली. फक्त 'मार बसला' हे वाक्य काढू नका, असं बजावलं. दुसरी गोष्ट त्या दोघी जावांची आहे. ती दोघींनी मिळून सांगितली, आम्ही उतरवून घेतली, आणि दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्या वेळी त्यांनी तीन ठिकाणी बदल सुचवले आणि आमच्याबद्दलचं वाक्य तसंच ठेवायला सांगितलं. तसंच ठेवलं आहे. बाकीच्या गोष्टी ज्यांच्या त्यांच्याकडे आहेत.

तुमच्या गटात अशी रात्र करा. कोजागिरीच हवी असं नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करा, सावित्रीबाईंच्या जयंतीला 3 जानेवारीला करा, नळावर करा. खर्च फारसा नाही, सतरंजी आणि दूध. मुलं सांभाळायला आणि दूध आटवायला पुरुषांना बसवा. कशी झाली ते आम्हाला कळवा. कुणी काय सांगितलं ते तिला विचारल्याशिवाय कळवू नका.

आपली पुढची रात्र ऊसतोडीच्या बायका परत आल्यावर, अक्षय तृतीयेच्या सुमारास आहे. आजींनी आत्ताच नाव दिलं आहे, त्यांच्याकडे आणखी एका पिक्चरची गोष्ट शिल्लक आहे. यावेळी चपला राखायला एकीला बसवू.

संपादक मंडळासाठी,
पुस्तिका लिहिणारी